वर्डप्रेसच्या डेटाबेसचे स्थलांतर: नवशिक्यांसाठीच्या साधनाने काय विचारावे आणि काय दाखवावे?

वाचनालय_सेवक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

आमच्या तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी स्वयंसेवक म्हणून सांभाळतो. ते वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर असून त्यात नव्या पुस्तकांच्या नोंदी, व्याख्यानमालेची वृत्ते आणि सभासदांनी जपून ठेवलेल्या जुन्या हस्तलिखित अंकांचे लिप्यंतर आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही ते एका होस्टिंगवरून दुसऱ्या होस्टिंगवर हलवले, आणि दोन तासांचे म्हणून हाती घेतलेल्या कामाला नऊ दिवस लागले. प्रथम डेटाबेसची, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर आणि मांडणी साठवणाऱ्या कोठाराची, ६१ एमबीची फाइल पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या प्रोग्रॅममध्ये चढेना. तुकडे करून ती चढवली, तर नवे संकेतस्थळ उघडताच जुन्या पत्त्यावर जाऊ लागले. मग मी ती फाइल नोटपॅडसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडली, जुना पत्ता शोधून सर्वत्र नवा घातला आणि पुन्हा चढवली. तेव्हा पाने दिसू लागली, पण बाजूच्या पट्टीतील सर्व विजेट आणि थीमची मांडणी नाहीशी झाली.

अखेरीस डब्ल्यूपी-सीएलआय हे आज्ञा टंकित करून चालवायचे साधन शिकलो आणि काम पार पडले. आता शेजारच्या दोन वाचनालयांनी याच कामासाठी मदत मागितली आहे. तेथील सेवकांना पत्रे टंकित करता येतात, ईमेल पाठवता येते, वर्डप्रेसमध्ये नवा लेखही टाकता येतो. काळ्या खिडकीत आज्ञा लिहिणे मात्र त्यांच्याकडून होणार नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही योग्य नाही. म्हणून त्याच आज्ञा पडद्यामागे चालवणारे, पण समोर मराठीत बोलणारे एक छोटे साधन मी लिहू लागलो आहे.

एकच बटण ठेवून सारे लपवावे, की प्रत्येक पायरी दाखवावी, या विचारात मी अडकलो आहे. नवशिक्या माणसाला नेमके कोणते प्रश्न विचारावेत, कोणते निर्णय साधनाने स्वतः घ्यावेत, आणि आपल्या अनुभवात काम कोठे बिघडते, हे कृपया सविस्तर सांगावे.

सर्व्हर_सांभाळणारा

तुमची विजेट का गेली, तेथूनच सुरुवात करतो, कारण आपल्या हातून नेमके काय चुकले हे बहुतेक नवशिक्यांना कधीच कळत नाही आणि वर्डप्रेसच कच्चे आहे अशी त्यांची समजूत होते.

वर्डप्रेस विजेट आणि थीमच्या निवडी साध्या मजकुराच्या रूपात ठेवत नाही. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीच्या पद्धतीने त्या एका लांब ओळीत गुंफलेल्या असतात, आणि त्या ओळीत प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटमध्ये (संगणकाच्या साठवणीच्या एककात) लिहिलेली असते. जुना पत्ता एचटीटीपीने सुरू होत असेल आणि नवा एचटीटीपीएसने, तर एका अक्षराची भर पडते. आधी लिहिलेली लांबी मात्र जुनीच राहते. पीएचपी ती ओळ वाचताना मोजते, आकडा जुळत नाही, आणि मग ती संपूर्ण ओळच नाकारते. एका अक्षरासाठी सगळी पट्टी रिकामी होते ती अशी. ही लांबी अक्षरांत नसून बाइटमध्ये असते, हेही ध्यानात ठेवा: ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, युनिकोडमध्ये काना आणि वेलांटी वेगळी धरून ती पाच चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत त्यांचे १५ बाइट होतात. हाताने आकडे दुरुस्त करू पाहणारे येथेच फसतात.

डब्ल्यूपी-सीएलआयची सर्च-रिप्लेस ही आज्ञा अशा ओळी उलगडते, बदल करते आणि नव्या लांबीसह पुन्हा गुंफते. तुमचे साधन तीच आज्ञा वापरणार असेल तर अर्धी लढाई जिंकली आहे. तिला ड्राय-रन हा पर्याय आहे; त्यात प्रत्यक्ष काहीही न बदलता कोणत्या टेबलमध्ये (डेटाबेसमधील तक्त्यात) किती ठिकाणी बदल होईल एवढेच समजते. ही रंगीत तालीम वापरणाऱ्याच्या इच्छेवर सोडू नका, साधनाने ती सक्तीने घ्यावी आणि निकाल साध्या वाक्यात सांगावा: लेखांमध्ये इतक्या ठिकाणी, मांडणीच्या नोंदींमध्ये इतक्या ठिकाणी जुना पत्ता सापडला. आकडा शून्य आला तर पत्ता चुकीचा टंकित झाला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि हे त्याच क्षणी सांगितले पाहिजे. जीयूआयडी नावाचा रकाना मात्र वगळा. तो लेखाची कायमची ओळख म्हणून असतो आणि तो बदलला तर फीडद्वारे (नव्या लेखांच्या आपोआप येणाऱ्या यादीतून) वाचणाऱ्यांना सगळे जुने लेख नवे म्हणून दिसू शकतात. हा निर्णय साधनाने न विचारता घ्यावा, कारण नवशिक्याला त्याचे उत्तर माहीत असण्याचे कारणच नाही.

फाइल चढत नाही याचे कारण बहुधा पीएचपीची मर्यादा असते. मूळ मांडणीत एका फाइलसाठी २ एमबी इतकीच मुभा आहे. होस्टिंगवाले ती वाढवतात, पण ६१ एमबीपर्यंत क्वचितच. ब्राउझरमधून अखंड फाइल चढवण्याचा मार्गच ठेवू नका. साधनाने तिचे तुकडे करावेत, आणि मध्येच वीज किंवा इंटरनेट गेले तर शेवटच्या पूर्ण तुकड्यापासून पुढे चालू करावे.

जुनी_अनुदिनी

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. परंतु मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका पत्त्यांचा नसून अक्षरांचा आहे, आणि त्याविषयी येथे अजून कोणी लिहिलेले नाही. मी २००६ पासून मराठीत ब्लॉग लिहिते. ते लेखन दोनदा हलवताना जे शिकले ते थोडे विस्ताराने सांगते.

वर्डप्रेसच्या डेटाबेसशी जोडणीच्या फाइलमध्ये अक्षरसंच (अक्षरे कोणत्या बाइटनी साठवायची ती पद्धत) कोणता हे लिहिण्याची सोय २००७ मध्ये २.२ या आवृत्तीपासून आली. त्यापूर्वी सुरू झालेल्या संकेतस्थळांची टेबले सर्व्हरच्या मूळ मांडणीप्रमाणे तयार होत, आणि वर्डप्रेस वापरते त्या मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत ती मांडणी लॅटिन१, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच, अशी होती. (ज्यांना पीएचपीमायॲडमिनमध्ये आपल्या मराठी टेबलांपुढे ‘स्वीडिश’ हा शब्द दिसून नवल वाटले असेल, त्यांच्यासाठी: मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला, आणि लॅटिन१चा मूळ वर्णक्रम त्या भाषेचा होता.) अशा टेबलात देवनागरीचे यूटीएफ-८ बाइट जसेच्या तसे पडून राहत. टाकताना आणि काढताना कोणीही रूपांतर करत नसल्यामुळे पान अगदी नीट दिसे, आणि आत चुकीची पाटी लागली आहे हे वर्षानुवर्षे कळत नसे.

स्थलांतराच्या वेळी नवा सर्व्हर त्या पाटीवर विश्वास ठेवतो. हा लॅटिन मजकूर आहे असे समजून तो त्याचे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करतो आणि पानभर परकी चिन्हे उमटतात. ही चिन्हे ओळखता येतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि त्याची सुरुवात नेहमी २२४ या बाइटने, त्यापाठोपाठ १६४ किंवा १६५ ने होते. त्यामुळे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, आणि त्याच्या शेजारी चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, अशी जोडी पुनःपुन्हा दिसते. ही जोडी दिसली तर घाबरू नये. मजकूर बहुतेक वेळा सुखरूप असतो आणि परत मिळवता येतो. पण त्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील, आणि डेटाबेसमध्येही तीच असतील, तर मूळ बाइट गेलेले आहेत. बॅकअपशिवाय दुसरा मार्ग नाही. नवशिक्याला या दोन अवस्थांतील फरक सांगणारे एकही साधन मी पाहिलेले नाही, आणि तुमच्या साधनाने एवढे जरी केले तरी मी तुमची ऋणी राहीन.

तिसरी अवस्था अधिक फसवी आहे. परकी चिन्हे पाहून काही जण ती फाइल विंडोजवरील प्रोग्रॅममध्ये उघडतात आणि विंडोज-१२५२ या अक्षरसंचातून रूपांतर करून जतन करतात. त्या अक्षरसंचात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच क्रमांकांना कोणतेही चिन्ह दिलेले नाही. आपल्या लिपीत नेमक्या या क्रमांकांवर संपणारी चिन्हे कोणती, ते पाहा: ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, हलन्त, ऍ, ए, ऐ, झ. रूपांतराच्या वाटेत ती गळाली किंवा बदलली गेली, तर बाकीचा मजकूर परत आला तरी जोडाक्षरे तुटलेली, ऱ्हस्व उकार गेलेले आणि ‘एक’ हा शब्द अर्धवट अशी स्थिती होते. मायएसक्यूएल स्वतः हे बाइट सांभाळून ठेवते; मधला प्रोग्रॅम ते गमावतो. माझ्या ब्लॉगवरील २००६ चे सारे लेख मी असेच गमावले आणि पुढे छापील प्रतींवरून पुन्हा टंकित केले. म्हणून तुमच्या साधनात डेटाबेसची फाइल हाताने उघडण्याची वेळच येता कामा नये.

दुरुस्तीबद्दल एवढेच सांगते की लॅटिन१ वरून थेट रूपांतराची आज्ञा दिली तर चूक पक्की होते. रकाना आधी कोऱ्या बाइटच्या प्रकारात न्यावा, म्हणजे त्यावरील पाटी निघते, आणि मग त्यावर यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८) ही पाटी लावावी. हे साधनाने करावे. पण त्याआधी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या पाच-सहा लेखांची शीर्षके पडद्यावर दाखवून ‘ही नीट वाचता येतात का?’ असे विचारावे. अक्षरसंच म्हणजे काय, हे वाचनालयातील सेवकाला ठाऊक नसेल. स्वतः लिहिलेले शीर्षक बिघडले आहे की नाही, हे मात्र त्याच्याइतके अचूक कोणीही सांगू शकणार नाही. शीर्षके निवडताना त्यांत झ, ए, ऐ, उकार आणि जोडाक्षरे येतील असे पाहावे.

तुमच्याकडे हस्तलिखितांचे लिप्यंतर आहे, म्हणून आणखी एक मुद्दा. मायएसक्यूएलमध्ये नुसते यूटीएफ८ असे लिहिलेला जुना अक्षरसंच तीन बाइटपर्यंतचीच चिन्हे घेतो. देवनागरी त्यात मावते. पण २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडी लिपी चार बाइटची आहे, इमोजीसारखीच. अशा टेबलात मोडी अक्षर आले, आणि सर्व्हरची तपासणी सैल असली, तर त्या अक्षरापासून पुढचा त्या रकान्यातील सगळा मजकूर कापला जातो. वर्डप्रेस २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून शक्य तेथे चार बाइटचा अक्षरसंच वापरते, तरीही जुनी टेबले मागे राहिलेली आढळतात.

चौथीची_बाई

मी तांत्रिक क्षेत्रातली नाही. आमच्या शाळेचे संकेतस्थळ मी एकदा हलवले आहे, तेव्हा ज्यांच्यासाठी तुम्ही हे साधन करत आहात त्यांच्यापैकी एक म्हणून लिहिते.

माझी चूक वरच्या कोणत्याही चुकीपेक्षा साधी होती. मी दिशा चुकले. साधनात ‘सोर्स’ आणि ‘डेस्टिनेशन’ असे दोन चौकोन होते आणि दोन्ही संकेतस्थळांचे नाव एकच होते, कारण शाळा एकच. नवे, रिकामे संकेतस्थळ मी जुन्या, भरलेल्या संकेतस्थळावर चढवले. चार वर्षांची मुलांची चित्रे आणि निबंध होते त्यांत. साधनाने ‘आपली खात्री आहे का?’ असे विचारले होते, आणि मला खात्री होती. ती चुकीची होती, एवढेच. होस्टिंगवाल्यांकडे आठ दिवसांपूर्वीचा बॅकअप होता म्हणून बहुतेक सारे परत मिळाले.

म्हणून नुसती खात्री विचारू नका. दोन्ही बाजूंची ओळख पटेल असे काही दाखवा: येथे ३१२ लेख आहेत, सर्वांत अलीकडचा लेख अमुक, त्याची तारीख ही, तेथे १ लेख आहे. भरलेल्याच्या जागी रिकामे जाणार असेल तर साधनाने काम थांबवावे. आणि शक्य असेल तर जुन्या संकेतस्थळावर काहीही लिहिण्याचा अधिकार साधनाला मुळीच देऊ नका. त्याने तेथून फक्त वाचावे. एवढे माझ्या वेळी असते, तर तो आठवडा मी ज्या धास्तीत काढला तो काढावा लागला नसता.

शब्दांबद्दलही सांगते. मराठीत बोलणारे साधन म्हणजे इंग्रजी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, असे करू नका. डेटाबेस, बॅकअप, पासवर्ड हे शब्द आम्हाला कळतात. ‘विदागार’ म्हटले की थांबून विचार करावा लागतो. उलट ‘प्रीफिक्स’ आणि ‘लोकलहोस्ट’ हे शब्द देवनागरीत लिहूनही कळत नाहीत, तेव्हा तेथे ही माहिती होस्टिंगच्या पॅनलमध्ये कोठे सापडते हे वाक्य हवे.

टेबलांची_मांडणी

बाईंच्या सूचनेला पुष्टी देणारे एक तांत्रिक कारण आहे. अनेक साधने ‘काही बिघडले तर पूर्ववत करू’ असे आश्वासन देतात आणि त्यासाठी डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनवर (एकत्र मागे घेता येणाऱ्या आज्ञांच्या गटावर) विसंबतात. मायएसक्यूएलमध्ये टेबल तयार करणे, पाडणे किंवा त्याची रचना बदलणे या आज्ञा आधीचे काम तत्काळ कायम करून टाकतात. ते मागे घेता येत नाही. आयात करताना, म्हणजे फाइल चढवताना, पहिलीच आज्ञा बहुधा जुने टेबल पाडण्याची असते. म्हणजे निम्म्यात काम थांबले तर जुनेही नाही आणि नवेही नाही, अशी अवस्था होते.

यावरील उपाय असा की येणारी टेबले आधी तात्पुरत्या नावांनी, म्हणजे वेगळ्या पूर्वाक्षरांनी (प्रीफिक्सनी) तयार करावीत, त्यांतील नोंदींची संख्या मूळ टेबलांशी ताडून पाहावी, आणि सर्व जुळल्यावर एकाच आज्ञेत सगळ्या टेबलांची नावे बदलावीत. नावे बदलण्याची ती आज्ञा एका वेळी अनेक टेबले घेते आणि ते काम एकसंध होते. तेथे आधीची टेबले असतील तर ती न पाडता दुसऱ्या नावाने आठवडाभर ठेवावीत. ‘मागे जा’ हे बटण तेव्हाच खरे ठरते. फक्त एक काळजी घ्यावी. वर्डप्रेस सदस्यांच्या अधिकारांच्या नोंदींच्या नावांतही तीच पूर्वाक्षरे वापरते. अंतिम पूर्वाक्षरे मूळ संकेतस्थळापेक्षा वेगळी ठेवली आणि या नोंदी तशाच राहिल्या, तर पासवर्ड बरोबर असूनही व्यवस्थापकाला आत प्रवेश नाकारला जातो, आणि पासवर्ड चुकला असे समजून माणूस दिवसभर तो बदलत बसतो.

आणखी एक अडथळा आज वारंवार येतो. मायएसक्यूएल ८.० पासून मूळ वर्णक्रमाच्या नावात ‘०९००’ हा आकडा असतो. तो क्रम जुन्या मायएसक्यूएलला आणि त्याच धाटणीच्या मारियाडीबी या डेटाबेस-प्रणालीच्या अनेक आवृत्त्यांना माहीत नाही, त्यामुळे आयात १२७३ क्रमांकाची त्रुटी देऊन थांबते. दोन्ही सर्व्हरांची आवृत्ती साधनाने सुरुवातीलाच विचारून घ्यावी आणि आवश्यक तेथे दोघांनाही ठाऊक असलेला वर्णक्रम लावावा. यात मजकुराला धक्का लागत नाही. फरक पडतो तो मजकुराच्या तुलनेत आणि अनुक्रमात. अशा वेळी पडद्यावर लाल अक्षरांत त्रुटी झळकवण्यापेक्षा ‘नवा सर्व्हर जुन्या पद्धतीचा आहे, त्यानुसार फाइल तयार केली आहे’ असे एक वाक्य पुरेसे आहे.

एक बटण की सर्व पायऱ्या, या आपल्या मूळ प्रश्नावर माझे मत असे: बटण एकच चालेल, पण ते तपासणीचे असावे. हलवण्याचे बटण तपासणी पूर्ण झाल्याशिवाय दिसूच नये.

वाचनालय_सेवक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. मोडीचा मुद्दा वाचताच आमचा डेटाबेस तपासला. लेखांचे टेबल अजून तीन बाइटच्या अक्षरसंचातच आहे. आम्ही मोडी मजकूर आजवर छायाचित्रांतच ठेवला म्हणून हानी झाली नाही, पण या वर्षी तो टंकित करण्याचे ठरले होते.

साधनाची रचना मी बदलत आहे. पहिल्या पडद्यावर दोन्ही संकेतस्थळांची ओळख, लेखांच्या संख्येसह. दुसऱ्यावर वापरणाऱ्याची स्वतःची शीर्षके. तिसऱ्यावर पत्त्याची रंगीत तालीम. जुन्या बाजूस केवळ वाचनाचा अधिकार असलेला डेटाबेस-वापरकर्ता तयार करण्याची कृती चित्रांसह देईन. आयात तात्पुरत्या नावांनीच होईल.

एक शंका उरते. डोमेन (संकेतस्थळाचे नाव) नव्या सर्व्हरकडे वळवल्यानंतर काही काळ काही वाचक जुन्याच ठिकाणी पोहोचतात. त्या काळात कोणी अभिप्राय लिहिला किंवा सेवकाने नवी नोंद केली तर ती हरवते. त्याचे काय करावे?

सर्व्हर_सांभाळणारा

डोमेनच्या नोंदीबरोबर तिचा टिकाव, म्हणजे इतरांनी ती किती वेळ जपून वापरायची ते, सेकंदांत दिलेला असतो. तो पुष्कळदा १४,४०० किंवा ८६,४०० असतो, म्हणजे चार तास किंवा एक दिवस. हलवण्याच्या निदान दोन दिवस आधी तो ३०० वर आणावा, आणि काम स्थिर झाल्यावर पुन्हा वाढवावा. साधनाला हा आकडा स्वतः वाचता येतो. तो मोठा असेल तर ‘आज हलवू नका, आधी हा बदल करा, परवा या’ असे त्याने सांगावे. डेटाबेसची प्रत घेण्याच्या क्षणापासून जुन्या संकेतस्थळावर अभिप्राय बंद ठेवावेत आणि नव्या नोंदी करू नयेत. वाचनालयाचे संकेतस्थळ एखाद्या रविवारी वाचण्यापुरतेच उघडे राहिले तर कोणाचे अडणार नाही. दुकानाचे असते तर मी वेगळे सांगितले असते. जुने होस्टिंग त्यानंतर किमान महिनाभर चालू ठेवावे, त्याचे पैसे आधीच बाजूला काढून.

चौथीची_बाई

पहिले तीन पडदे तयार झाले की मला पाठवा. शाळेच्या संकेतस्थळाची एक प्रत मी सरावासाठी वेगळ्या पत्त्यावर ठेवली आहे, ती बिघडली तरी चालेल. मी काहीही न विचारता, केवळ पडद्यावर लिहिलेले वाचून पुढे जाईन आणि जेथे थांबावे लागेल तेथले वाक्य तुम्हाला जसेच्या तसे लिहून कळवीन.